चालू स्थितीत

"बाबा, एकजण विचारतोय, यावर गाणी वाजतील का?"

कानसेनांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला आणि चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं. "काय?"

मोबाइल हातात धरून सुनेने तोच प्रश्न जरा मोठ्याने केला.

"नाही म्हणावं. कान तपासायचं यंत्र आहे ते, रेडिओ नव्हे."

जाहिरात टाकल्यापासून असले एकेक नमुने भेटत होते. एका नाटकवाल्याला ते अंतराळयानातलं यंत्र म्हणून रंगमंचावर ठेवायचं होतं, तेही एका प्रयोगापुरतं. भंगारवाल्याने तर त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. एक कोपरा उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि हात झटकले. जुना पंखा विकायला निघालात तर दारात चारजण उभे राहतात. पण जे यंत्र शंभरातल्या नव्याण्णवांनी कधी पाहिलेलंच नाही, त्याला गिऱ्हाईक शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधण्यासारखं होतं.

आणि शनिवारी वर्कशॉप रिकामं करून द्यायचं होतं. मालक तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान काढणार होता. बाकी सगळं सामान गेलं, राहिलं ते हेच, लहान टेबलाएवढं. घरी न्यावं तर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आधीच माणसं मावत नव्हती. कानसेनांना रात्री झोप लागत नव्हती. पण त्याचं खरं कारण जागा नव्हतं, यंत्रात शिरलेला दोष होता.

दवाखान्यांतली कान तपासायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मीटर सगळं ठीक आहे म्हणालं तरी ते स्वतः हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे आणि जाड सुरापासून अगदी बारीक सुरापर्यंत एकेक सूर ऐकायचे. मीटर खोटं बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मान डोलावली की डॉक्टर पुढे काही तपासत नसत. कानसेन हे नाव त्यातूनच पडलं, आणि त्यांना ते मनातून फार आवडायचं.

या यंत्राने मात्र त्यांना हात टेकायला लावले होते. जाड सूर खणखणीत यायचे, बारीक सुरांपाशी सगळं सामसूम. मीटर म्हणत होतं, हेडफोनपर्यंत सगळं व्यवस्थित पोचतंय. मग दोष हेडफोनमध्येच, दुसरं काय? त्यांनी वायर बदलली, सोल्डरचे टाके उकलून पुन्हा घातले, पुन्हा उकलले. हेडफोनमधून बाहेर पडणारा आवाज मोजायचं उपकरण त्यांनी इतर हत्यारांबरोबर आधीच विकून टाकलं होतं, आणि आता त्यावरून स्वतःला शिव्या घालत होते.

खरी गिऱ्हाइकं दोनच आली. पहिल्या होत्या कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या एका लहान शाळेच्या बाई. पैसे फार देऊ शकत नाही, पण यंत्र रोज वापरू, असं त्यांनी कळवलं होतं. कानसेनांच्या जिवात जीव आला होता. पण खोटं कसं बोलणार? त्यांनी सुनेकरवी कळवलं, बारीक सूर वाजत नाहीत, तुमच्या उपयोगाचं नाही. बाईंनी आभार मानले आणि विषय संपला. मग जाहिरातीत 'बिघडलेलं' असं घातलं, आणि लगेच पार्टवाला उगवला. तो असली यंत्रं खोलून सुटी करायचा. बटणं वेगळी विकायची, ट्रान्सफॉर्मर वेगळा, पेटीसुद्धा वेगळी. भाव त्याने बाईंपेक्षा चांगला दिला. आज संध्याकाळी तो घ्यायला येणार होता.

कानसेनांनी यंत्रावर पडलेली गवताची काडी फुंकरीने उडवली. हल्ली रोज काड्या पडत होत्या. छताला कुठेतरी फट पडली असणार.

"बाबा, पार्टवाल्याला हेडफोन डोक्यावर घातलेला फोटो हवाय. पट्टी ढिली झालीय का ते बघायचंय त्याला."

"मग घाल तूच."

सुनेने हेडफोन चढवला आणि फोटोसाठी मोबाइल लांब धरला. यंत्र चालूच होतं. शेवटचं एकदा बघावं म्हणून कानसेनांनी बटण दाबलं. सूर सगळ्यात बारीक होता आणि आवाज होता तेवढा मोठा केलेला.

सून किंचाळली. हेडफोन ओरबाडून काढून तिने कान दाबून धरला. "अहो बाबा, कान फुटला असता माझा!"

"खरखर आली का?"

"खरखर कसली? केवढी मोठी शिट्टी वाजली. तुम्हाला बाहेरसुद्धा ऐकू आली असेल!"

कानसेन तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी आवाज अगदी खाली आणला, तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाले, "ऐकू आलं की बोट वर कर."

जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत त्यांनी एकेकदा बटण दाबलं. प्रत्येक वेळी बोट वर गेलं. आवाज आणखी कमी केला, तरी वर गेलं. बटण न दाबता ते नुसतेच थांबले, तेव्हा बोट खालीच राहिलं. निरोगी कानाचं बोट असंच असायला हवं.

"आता थांबा जरा," सून म्हणाली, "या चिमण्या गप्प होऊ देत. त्यांच्या कलकलाटात एवढं बारीक कसं ऐकू येणार?"

कानसेनांनी मान वर केली. खिडकीवरच्या झरोक्यात काड्यांचं भलंमोठं घरटं होतं. या वर्षी चिमण्या आल्याच नाहीत, अशी त्यांची समजूत होती.

मग त्यांनी सुनेला उठवलं, बारीक सुरांना कुठलं बटण केव्हा दाबायचं ते दाखवलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. हेडफोनच्या आत नुसती शांतता होती. त्यांनी हात मांडीवर तयार ठेवला होता. बराच वेळ गेला.

"दाब की," ते म्हणाले.

सुनेने पुढे येऊन त्यांच्या एका कानावरचा हेडफोन हलकेच सरकवला. "मघापासून दाबतेय, बाबा."

एकेक गोष्ट त्यांना आठवायला लागली. बायको बोलताना पुटपुटते म्हणून ते तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. डॉक्टरला काही सापडलं नाही, तर त्यांनी डॉक्टरच बदलला. जन्मभर दुसऱ्यांच्या कानांची यंत्रं सांभाळली आणि स्वतःच्या कानांबाबत मात्र दिव्याखाली अंधार. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं, पण सुनेसमोर दोन्ही आवरलं.

तेवढ्यात पार्टवाला पोतं आणि हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. आत येता येता त्याने पेटीचे स्क्रू नजरेने जोखले. कानसेन त्याच्या आणि यंत्राच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, हे खोलायला द्यायचं नाही. पार्टवाला चिडला. शब्द दिला होता, गाडीभाडं खर्चून आलो, म्हणायला लागला.

"काका, बिघडलंय असं तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

"लिहिलं होतं. ते चुकीचं होतं."

"मग बिघडलंय तरी काय?"

सून मध्ये बोलायला गेली, त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

"माझे कान," ते म्हणाले.

पार्टवाल्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. कानसेनांनी पुढे केलेले गाडीभाड्याचे पैसे घ्यायलाही तो तयार होईना. पोत्याची घडी करत, माझा म्हाताराही असाच आहे, मान्य तेवढं करत नाही, एवढं बोलून तो निघून गेला.

बाईंना मी फोन करते, असं सून म्हणाली. कानसेनांनी मोबाइल मागून घेतला. नाही म्हणून मी कळवलं होतं, हो म्हणूनही मीच सांगणार, म्हणाले. बाईंचा आवाज नाजूक होता, निम्मे शब्द हवेतच विरत होते. यंत्र चांगलं आहे, अजून हवं असेल तर या, एवढं त्यांनी सांगितलं. बाईंनी काहीतरी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारायला लावलं, तरी कळलं नाही. शेवटी सुनेने कान लावून ऐकलं आणि त्यांना सांगितलं, "विचारतायत, तुम्ही स्वतः ऐकून खात्री केलीत ना?"

आजवर या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर होतं.

"नाही," कानसेन फोनमध्ये म्हणाले. "मला ऐकू येत नाही. माझ्या सुनेने ऐकलंय. सगळे सूर येतात."

शुक्रवारी शाळेची गाडी आली. यंत्र चढवताना बाईंनी वाकून काहीतरी म्हटलं, कानसेनांनी हसून मान डोलावली. गाडी वळून दिसेनाशी झाली तशी सून किल्ली मालकाला द्यायची आठवण करून देऊन पुढे निघाली.

ते एकदा आत गेले. फरशीवर यंत्राच्या जागी चौकोनी डाग उरला होता आणि त्यावर दोन काड्या पडल्या होत्या. वर झरोक्याच्या कडेला चिमणी बसली होती. तिची चोच उघडत होती, मिटत होती. ते मान वर करून बराच वेळ बघत उभे राहिले. मग बाहेर येऊन त्यांनी दाराला कुलूप घातलं, आणि ते लागलं की नाही हे हाताने ओढून पाहिलं.