बिनकाचेचा फोन

डिंडोलीतल्या तिसऱ्या गल्लीत धुरपदाबाईचा काळा फोन वाजला की समोरच्या लिंबावरचे कावळे उडायचे आणि थेट पलीकडच्या सचिन गावाला जाऊन बसायचे. सचिनचे लोक आभाळाकडे बघून म्हणायचे, आज कावळे फार, डिंडोलीत कुणाच्या तरी माहेरचा फोन आलेला दिसतो. यात थोडं वाढवून सांगितलेलं असेल, पण थोडंच. फोन वजनालाही तसाच होता. खिडकीतून आत शिरलेल्या एका वानराला धुरपदाबाईनं त्याच्या रिसिव्हरनं हाणलं, तर ते वानर जे पळालं ते चलथाणच्या उसात जाऊन थांबलं आणि पुढे साखर कारखान्यात कायम झालं, असं ती स्वतः सांगायची. ऐकणाऱ्यानं हूं म्हटलं नाही तर वानराला बोनससुद्धा द्यायची.

असा तो फोन एका सोमवारी मुका झाला. अर्धा मुका.

झालं असं, की कंपनीनं गल्लीतल्या तांब्याच्या जुन्या तारा काढून टाकल्या आणि काचेच्या दोऱ्यासारखी नवी तार आणली. ललित नावाचा चाळिशीचा लाइनमन आला, भिंतीवर एक पांढरा डबा ठोकला, त्यात हिरवे दिवे लुकलुकायला लागले. त्यानं काळ्या फोनची वायर डब्यात खोचली, आपल्या मोबाइलवरून नंबर लावला. काळा फोन कडाडला, कावळे उडाले. मग ललितनं चकती फिरवून उलटा फोन लावून बघितला. चकती गेली, चकती आली, पुढे काहीच नाही.

"मावशी, ह्याच्यावर फोन येईल, पण ह्याच्यावरून जाणार नाही," ललित म्हणाला. "जुन्या एक्स्चेंजला चकतीची टकटक कळायची. ह्या डब्याला फक्त बटणांचे सूर कळतात. बटणांचा फोन घ्या."

वाल्मिक, म्हणजे धुरपदाबाईचा मुलगा, तयारच होता. सचिनच्या कारखान्यात पन्नास लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, सुपरवायझर असलेला माणूस, कुठलंही काम अर्धवट ठेवायचा नाही. त्यानं पिशवीतून नवा कोरा फोन काढला. बटणं होतीच, वर काच होती, काचेत निळा उजेड.

"बघ माय, काय भारी शे. कोणी फोन केला, कुणाला केला, सगळं काचेत दिसतं. शंभर नंबर लक्षात ठेवतो."

"लक्षात ठेवतो?"

"कधी लावला, किती वेळ बोलले, तेसुद्धा."

धुरपदाबाईनं काचेकडे बघितलं आणि मग मुलाकडे. सत्तरी ओलांडलेली बाई, तीस वर्षं लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. त्या खडखडाटानं तिचे कान निम्मे खाल्ले होते. उरलेल्या निम्म्यांचं काय करायचं ते ती प्रसंग बघून ठरवायची.

वाल्मिकनं मोबाइलवरून नंबर लावला. नवा फोन किर्र किर्र वाजला.

"वाजला का?"

"काय?"

"फोन वाजतोय ना, माय."

"माले आयकू येत नही."

स्वयंपाकघरात सून सुषमानं तोंडाला पदर लावला.

"कानाशी धरलाय मी तुझ्या," वाल्मिक म्हणाला.

"ते दिसतंय. वाजत कुठे शे?"

वाल्मिकनं फोन खाली ठेवला. "हे बघ, गुरुवारी ललितभाऊ परत येतील. मी फॉर्म भरून ठेवलाय. हा फोन ठेवायचा असेल तर ठेव, नाहीतर नंबर बंद. डब्यावर नुसतं इंटरनेट चालेल. तुला माझा मोबाइल आहे की."

"दुसरा आणते मी. बिनकाचेचा."

"आण. गुरुवारपर्यंत त्यावरून फोन लागला तर राहील. नाही लागला तर सही करून मोकळा होणार मी."

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्या काचेचं. तर त्या गल्लीत मोबाइल घरटी एक होता आणि तो नवऱ्याच्या खिशात असायचा. बाईनं आईशी बोलायचं म्हणजे आधी मागायचा, मग बोलायचं, मग परत देताना सांगायचं की काय बोललीस आणि एवढा वेळ कशाला. धुरपदाबाईच्या फोनला यातलं काही नव्हतं. शिफ्टवर माणसं गेली की पारोळ्याची, शिरपूरची, साक्रीची लेक यायची, चकती फिरवायची, हसायची, कधी रडायची, डोळे पुसून घरी जायची. काळ्या फोनला तोंड होतं आणि कान होते, पण मागचं काही आठवायचं नाही. तीस वर्षांत त्यानं कुणाचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि ह्या गुरुवारी चंचलला बोलायचं होतं. पलीकडच्या खोलीतली चंचल, लग्नाला दीड वर्ष झालेली. तिच्या आईचं धुळ्याच्या दवाखान्यात गुरुवारी दुपारी ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी, बारा वाजता, भावाच्या मोबाइलवर हिनं फोन करायचा असं ठरलं होतं. नवऱ्यानं सांगून टाकलं होतं, ऑपरेशन झाल्यावर कळेलच की, आधी रडारड कशाला.

"आजी, लागंल ना फोन?" चंचलनं सोमवारी संध्याकाळी विचारलं.

"लागंल," धुरपदाबाई म्हणाली. "तू बाराला ये."

मंगळवारी सकाळी तिनं लोटू मास्तरला बरोबर घेतलं. लोटू मास्तर म्हणजे शेजारचा निवृत्त लूम मास्तर. बंद पडलेल्या लूमच्या पोटात त्यानं नुसता कान लावला तरी लूम घाबरून चालू व्हायचा, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्यानंच पसरवली होती. दोघं रिक्षानं स्टेशनजवळच्या बाजारात गेले. पहिल्या गुजराती दुकानदारानं काचेचे आठ फोन मांडले.

"काच नको," धुरपदाबाई म्हणाली.

"माजी, डिस्प्ले वगरनो हवे कोण ले छे?"

"मी घेते."

दुसऱ्यानं बिनवायरचा, खिशात घालून फिरायचा फोन दाखवला. अंगणात बसून बोला म्हणाला.

"आणि लाइट गेली तर?"

"तर बंद."

"मग तूच बस अंगणात."

तिसऱ्या दुकानात, पंख्यांच्या खोक्यांमागे, धूळ बसलेला एक साधा फोन सापडला. बारा बटणं, वळणाची वायर, काच नाही. धुरपदाबाईनं तो पदरानं पुसला.

"ह्यात नंबर राहतात का रे?"

"ना माजी, आमां कंई नथी रहेतुं," दुकानदार ओशाळून म्हणाला.

"बांध मग."

घरी आणून वायर डब्यात खोचली. धुरपदाबाईनं नंबर दाबला. फोनच्या आतून बारीक टक, टकटक, टकटकटक असा आवाज आला आणि मग नुसती घूं. परत दाबला. परत घूं. लोटू मास्तरनं फोन कानाला लावला, डोळे मिटले, मान हलवली.

"माल खराब शे."

बुधवारी दोघं परत गेले, तो फोन बदलला, त्याच जातीचा दुसरा आणला. तीच टकटक, तीच घूं. लोटू मास्तरनं ह्या वेळी डब्याला कान लावला.

"डबाच खराब शे. ह्या डब्याचं आणि साध्या फोनचं जमणार नही. काचेवालाच घ्या, वैनी."

बुधवारी संध्याकाळी वाल्मिक आला, त्यानं नव्या फोनकडे आणि दोघा म्हाताऱ्यांकडे बघितलं आणि तो जेवायला बसला. त्याला आनंद झाला होता असं नाही. सुटल्यासारखं झालं होतं. सुषमानं त्याला भाकरी वाढली ती जरा दुरूनच.

गुरुवारी अकरा वाजले तरी धुरपदाबाई फोन मांडीवर घेऊन बसलेली. समोर लोटू मास्तर चहा पीत होता. तिनं फोन उलटा केला. पोटावर, रबराच्या पायांच्या मधे, हरभऱ्याच्या डाळीएवढं एक बटण होतं, सरकवायचं. एका बाजूला इंग्रजी पी, दुसऱ्या बाजूला टी. बटण पीकडे होतं.

"मास्तर, हे काय शे?"

"सेटिंग असेल." लोटू मास्तर बशीतून वर बघून म्हणाला. "हात नका लावू."

"का?"

"कंपनीनं लावून दिलेलं असतं. विचार करूनच लावलेलं असतं ना. चालू लूमची सेटिंग मी कुणाला कधी हलवू दिली का?"

नव्हती हलवू दिली. कारखान्याचा नियमच तो. मास्तरशिवाय कुणी स्क्रूला हात लावला तर त्या दिवसाची हजेरी गेली, आणि बाईनं लावला तर मास्तरचा जो चेहरा व्हायचा तो बघून बाकीच्या बायका आठवडाभर लूमकडे पाठ करून बसायच्या. म्हणून तर लोटू मास्तरनं ते बटण मंगळवारीच बघितलं होतं, बुधवारीही बघितलं होतं, आणि दोन्ही दिवस त्याला नमस्कार करून सोडून दिलं होतं.

"मास्तर, तीस वर्षं तुमच्या लूमला कांड्या भरून दिल्या मी," धुरपदाबाई म्हणाली. "बारा नंबरचा लूम धागा तोडायचा, आठवतं? कुठे तोडतो ते मला माझ्या जागेवर बसून कळायचं. दोनदा सांगितलं तुम्हाला."

"त्याचं आत्ता काय?"

"तुम्ही म्हणाला, बाई, कांडी भर."

"तो लूमच अवदसा होता."

"तो लूम तुम्ही चार महिन्यांनी नीट केला. मी सांगितलं होतं तिथंच." तिनं अंगठ्याचं नख बटणाला लावलं.

"वैनी, बिघडेल. मग दुकानदार परत घेणार नही."

"नको घेऊ दे."

बटण टीकडे सरकलं. काही फुटलं नाही, धूर आला नाही. तिनं रिसिव्हर उचलून पहिलं बटण दाबलं. फोननं सूर काढला. दुसरं दाबलं, दुसरा सूर. दहा बटणांचे दहा सूर झाले आणि पलीकडे रिंग वाजायला लागली. लोटू मास्तरची बशी तिरकी झाली आणि चहा धोतरावर गेला.

वाल्मिक तेव्हा ललितला घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. त्याचा मोबाइल वाजला. नंबर घरचा.

"हॅलो?"

"चहा ठेवते," आई म्हणाली. "दोघं ना?"

घरात शिरल्यावर वाल्मिकनं फोन उचलून वर-खाली करून बघितला, स्वतः लावून बघितला. ललित हसायला लागला. "मावशी, हे मी सोमवारी सांगायला पाहिजे होतं. जुने साधे फोन पीवरच येतात. पी म्हणजे टकटक, टी म्हणजे सूर."

"आणि ह्याची घंटी?" वाल्मिक म्हणाला. त्याला काहीतरी सापडायलाच हवं होतं. "ही काचेवाल्यापेक्षा बारीक आहे. तुला तर तीही ऐकू येत नव्हती."

"घंटीला काळा आहे. दोन्ही लावा, ललितभाऊ. बोलायला हा, ओरडायला तो."

"दोन घंट्या ओढायची ताकद कमी पडेल डब्याला," ललित म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "पण ह्याची घंटी बंद करता येते. मग सगळी ताकद काळ्याला."

"करा."

"आणि लाइट गेली की डबा बंद, हेही सांगून ठेवतो."

"त्याला बॅटरी मी बसवून देतो," लोटू मास्तर घाईनं म्हणाला. कशात तरी त्याला हात घालायचाच होता.

सगळं जोडून होईस्तोवर वाल्मिक फॉर्मची घडी उलगडत, मिटत उभा होता. शेवटी त्यानं आवाज खाली आणला. "माय, तुला समजत नही. गल्लीतले लोक मला बोलतात. तुझ्या आईच्या फोननं आमच्या बायका बिघडल्या म्हणतात. चहाच्या टपरीवर मान खाली घालावी लागते मला."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"त्यांना सांग, माझ्याकडे येऊन बोला. मला ऐकू येतं."

"सोमवारी तर येत नव्हतं."

"सोमवारी तू फालतू वस्तू आणली होती."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुषमा चहाचा ट्रे घेऊन आली. तिनं तो ललितसमोर ठेवला, दुसरा कप वाल्मिकच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी पण बोलते ह्याच फोनवरून. दर बुधवारी. तुम्ही कामावर गेले की."

"तुला मी कधी मोबाइल नाही म्हटलं?"

"नाही म्हटलं नाही. समोर बसून राहता तुम्ही."

वाल्मिकनं चहाकडे बघितलं. फॉर्म टेबलावर ठेवून तो चहा प्यायला लागला.

बाराला पाच कमी होते. दारात चंचल आली. पुरुषांना बघून उंबऱ्यावरच थबकली, मागे फिरायला लागली.

"ये ना व," धुरपदाबाई म्हणाली. "लागतोय फोन. वाल्मिक, बाहेर हो. ललितभाऊ, तुम्ही पण, चहा घेऊन जा बाहेर. मास्तर, तुम्हाला वेगळं सांगू का?"

"माय, माझं घर आहे हे," वाल्मिक म्हणाला.

"शेच तुझं घर. बारा मिनिटांनी परत ये त्यात."

तिघं बाहेर आले. मागे दार लागलं. ललितनं फॉर्म मागितला, तो आत टेबलावर राहिला होता. आतून बटणांचे सूर आले, मग चंचलचा आवाज, आधी बारीक आणि मग मोकळा. काय म्हणत होती ते कळत नव्हतं. हसली मात्र एकदा, ते कळलं.

ललितनं घड्याळ बघितलं. "मला कडोदऱ्याला जायचंय. फॉर्मचं काय करायचं?"

तेवढ्यात समोरून रात्रपाळी करून झोपून उठलेला एक शेजारी दात घासत आला. तिघांना बंद दाराबाहेर उभं बघून तो खदखदून हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय वाल्मिकभो, आज बंद करणार होता ना फोन?"

"हळू बोल," वाल्मिक म्हणाला. "आत बोलणं चालू शे."