डावीकडून सातवी फळी

मी एक जुनी फळी आहे. फळीला कसलं आलंय आयुष्य, असं वाटेल तुम्हाला. पण मित्रांनो, मी भिंतीवरची डबे ठेवायची फळी नाही हं. शहरातल्या गाण्याच्या सभागृहात जो लाकडी मंच आहे, त्यातली डावीकडून सातवी, सगळ्यांत रुंद, पियानोच्या अगदी पुढची. माझ्यावर पाय पडला की मी करकरते. या करकरीपायी जन्मभर बोलणी खाल्ली. आता वय झालं, तेव्हा माझी बाजूही ऐकून घ्या.

झाड असतानाचं फारसं आठवत नाही. वारा तेवढा आठवतो. मग एकदम सुताराचा हात आठवतो. कानामागे पेन्सिल, केसांत भुसा आणि तोंडाला कुलूप. हा माणूस दिवसाला दहा शब्द बोलला तरी घरचे खूश व्हायचे म्हणे. त्यानं मंचाच्या सगळ्या फळ्या खिळ्यांनी पक्क्या केल्या आणि मला एकटीला तशीच सुटी ठेवली. बसवण्याआधी मला पालथी घातली आणि पोटावर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कसं कळणार? फळीला आपलं पोट दिसत नाही. गुदगुल्या झाल्या, एवढं मात्र पक्कं आठवतं.

माझ्याखाली मोठी पोकळी होती, माणूस बसू शकेल एवढी. दर वर्षी कार्यक्रम सुरू होण्याआधी सुतार आपल्या छोट्या मुलीला घेऊन यायचा. मला उचलून खाली उतरायचा, पोकळी झाडून काढायचा आणि आतूनच मला जागेवर ओढून घ्यायचा. मग ती पोरगी चपला काढून माझ्यावर उभी राहायची आणि ओठ मिटून एक लांब सूर धरायची. तिच्या तळपायांतून तो सूर माझ्यात उतरायचा, माझ्यातून खालच्या अंधारात जायचा आणि तिथं मोठा व्हायचा. तेवढ्यात खालून सुताराचा आवाज यायचा, "पोहोचलं." की पोरगी खुदकन हसायची. तिला तो खेळच वाटायचा. हा खेळ कशासाठी, ते त्यानं कधी सांगितलं नाही. दहा शब्दांत ते बसलं नसावं.

काय काय ऐकलं मी त्या वर्षांत! पितळी वाद्यांचे ताफे ऐकले. एक गवई डोळे मिटून गायचा आणि गाता गाता पुढं सरकत यायचा, त्याला मागं ओढायला विंगेत खास माणूस ठेवला होता. शाळेच्या मुलांचं समूहगान झालं, त्यात एक चिमुरडी शब्द विसरली आणि तिनं गाणं संपेपर्यंत नुसतं तोंड हलवलं. गिटारवाली तरुण पोरं तर इतकी नाचली की माझ्या शेजारणींनी हाय खाल्ली. रात्री सगळे गेले, दिवे मालवले की ते सूर खालच्या पोकळीत घुटमळत राहायचे. मी अर्धवट झोपेत असायची. कुठला सूर खरा आणि कुठला स्वप्नातला, ते कळायचं नाही. कधी कधी त्यात तो जुना वारासुद्धा मिसळायचा. फार सुखाचे दिवस होते ते.

जुने कलाकार मला ओळखून होते. गाताना ते अलगद ओलांडून जायचे. नवखा कुणी आला की मी करकरायची आणि विंगेत हशा पिकायचा.

सुताराची मुलगी मोठी झाली आणि याच सभागृहाचा पियानो सुरात लावू लागली. सगळे तिला ताई म्हणत. तिचा कान असा तयार की शेजारच्या खोलीत चमचा पडला तर तो कुठल्या सुरात पडला ते ती सांगायची. सुतार तोवर गेला होता. त्याच्या माघारी मला कुणी उचललं नाही.

मग तो नको तो प्रसंग घडला. एक मोठ्या नावाच्या वयस्कर गायिका गात होत्या. सूर इतका बारीक केला होता की माणसं श्वास धरून बसली होती. आणि बाईंनी पाय हलवला. करर्र! लोक फिसकन हसले. विंगेत कुणीतरी म्हणालं, सुतारानं काम कच्चंच केलेलं दिसतंय. ताई तिथंच उभी होती. तिचा चेहरा असा उतरला की मला मेलीला भुगा होऊन उडून जावंसं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी ती हातोडी घेऊन आली. बाबांच्या कामाला पुन्हा कुणी नाव ठेवायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. पावलांची धपधपही थांबवू म्हणाली, खालच्या पोकळीत गाद्या भरून टाकू. सभागृहाचा मॅनेजर भला माणूस, त्याला नाही म्हणता येतच नसे. त्यानं जुन्या गाद्या आणि फाटके पडदे काढून दिले. हमालांनी मला उचलून भिंतीला टेकवलं, पोट भिंतीकडे करून! काय म्हणावं या नशिबाला? पोकळी गच्च भरली. मग ताईनं निवडून आणलेले आठ खिळे स्वतः ठोकले. माझा आवाज बंद झाला.

आणि मित्रांनो, हळूहळू सगळ्यांचाच झाला. माझ्यापर्यंत गाणं यायचं ते पाण्याखालून आल्यासारखं. मी नुसती पेंगत पडायची. वर एकच गोंधळ. ताईनं पियानोला दोष दिला, त्याच्या तारा बदलल्या. मॅनेजरनं स्पीकरला दोष दिला, मोठे स्पीकर आणले. गाणाऱ्यांनी आपापल्या घशाला दोष दिला आणि गरम पाणी पिऊन पिऊन बेजार झाले. एक जण तर म्हणाला, इथं उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. दोन वर्षांत कलाकार यायचे थांबले, मग लोकही. शेवटी मालकांनी ठरवलं की एक अखेरचा कार्यक्रम करायचा आणि सभागृह फर्निचरच्या दुकानाला द्यायचं. मॅनेजर दिवसभर खुर्च्यांवरचे नंबर पुसत बसला.

अखेरच्या कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी ताई पियानो लावायला आली. काम झाल्यावर ती निरोप घ्यायला मंचावर फिरली. का कुणास ठाऊक, चपला काढून माझ्यावर उभी राहिली. ओठ मिटून तिनं तो लहानपणचा सूर धरला आणि खालून काहीतरी येईल म्हणून थांबली. काहीच आलं नाही. सूर गाद्यांत जिरून गेला. इतका तयार कान, पण तिला तो खेळ उलगडला तो त्या क्षणी.

तिनं मॅनेजरला हाक मारली, पक्कड मागवली. आठही खिळे निघाले. दोघांनी मला उचललं, पालथी घातली आणि माझ्या पोटावरचं पुसट अक्षर दिसलं. ताई वाचू लागली, तेव्हा कुठं मलाही कळलं.

"खिळा मारू नये. खाली काही ठेवू नये. आवाज इथं राहतो." मग ती अडखळली. शेवटची ओळ तिच्या तोंडून फुटेना. ती मॅनेजरनं वाचली. "काही अडलं तर माझ्या मुलीला विचारावं."

ताई ओंजळीत तोंड लपवून रडली. मीच घालवला बाबांनी जपलेला आवाज, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मॅनेजरनं पक्कड खाली ठेवली. मग बाह्या सरसावून म्हणाला, "बरं, अडलंय खरं. म्हणून विचारतो, ताई. आता काय करायचं?"

डोळे पुसत ती उठली. दोघांनी संध्याकाळपर्यंत गाद्या उपसल्या, पोकळी झाडून काढली. मॅनेजर धुळीनं माखला, शिंकून शिंकून लाल झाला. मग ताईनं त्याला खालीच बसवलं आणि मला वर ठेवलं. ऐकू आलं तर सांगा, एवढंच म्हणाली. अनवाणी उभी राहून तिनं सूर धरला. तो माझ्यात उतरला आणि मी जागी झाले.

खालून आधी एक शिंक आली. मग तो म्हणाला, "पोहोचलं."

त्याला तो शब्द कुणी शिकवला नव्हता.

अखेरचा कार्यक्रम अखेरचा ठरला नाही. त्या दिवशी मालक पहिल्या रांगेत होते आणि गाणं संपल्यावर बराच वेळ उठलेच नाहीत. दुकानाचा बेत पुढं ढकललाय, तो अजून पुढंच आहे. गाण्यात मध्येच मी एकदा करकरले, लोक हसलेही. ताई विंगेतून त्यांच्याबरोबर हसली.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी करकरत असेल, दार, पाळणा, नाहीतर एखादं म्हातारं माणूस. खिळा मारायची घाई करू नका. आधी जवळ बसा, विचारा, जमलं तर पोटावर काय लिहिलंय ते वाचा. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. मला फक्त करकरता येत होतं, आणि ते मी करतच होते.