एका युरोपुरती जागा

पहिल्यांदा पैसे पाठवायला शिकवताना बँकेतल्या एडिताला हसू आवरलं नव्हतं. "काका, आयर्लंडला एक युरो? त्यात तिथं चहासुद्धा येत नाही!"

"तू पाठवायचं बघ. नसत्या चौकशा कशाला?" स्टेपोनास गुरकावला.

"बरं, चिडू नका. आता युरोपात सगळीकडे एकच रीत. इथं जवळ उतेना शहरात पाठवा नाहीतर आयर्लंडला, फॉर्म तोच, खर्च तोच. खात्याच्या नंबराची पहिली दोन अक्षरं देशाची. उद्या पोचतील. आणि इथं खाली निरोप. एकशेचाळीस अक्षरं, मोकळ्या जागा धरून."

त्या निरोपातच म्हाताऱ्याचा जीव अडकला होता. आयर्लंडला गेलेली लेक योलिता फोन उचलत नव्हती, पत्रं न फोडता परत येत होती. तिची आई आजारी पडली तेव्हा यानं कळवलंच नाही. पोरीची नवी नोकरी, उगाच धावत येईल, आपण निभावून नेऊ, हा याचा शहाणपणा. ती पोचली तेव्हा आईला माती देऊन झाली होती. "शेवटचं भेटूसुद्धा दिलं नाहीत, बाबा," एवढंच बोलून ती गेली. पूर्वी ती आईला पैसे पाठवायची, म्हणून तिच्या खात्याचा नंबर तेवढा घरात उरला होता.

'माफ कर' एवढंच तर लिहायचं होतं. पण मेला ताठा आडवा आला. पहिल्या महिन्यात त्यानं लिहिलं, बटाटे बरे आलेत. मग, मार्गिस कुत्रा आता आंधळा झालाय. मग, बीटचं गार सार केलं, आईसारखं जमलं नाही.

"परत नाही ना आले पैसे?" तो दर खेपेला विचारायचा.

"खातं चालू असताना कशाला येतील? पण ती निरोप वाचते का, ते काही आम्हाला कळत नाही हं, काका."

ती वाचतेय, असं त्यानं धरूनच घेतलं. खरं ते पुढच्या महिन्यात लिहू, म्हणत वर्ष ढकललं.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, बायकोच्या थडग्यावर मेणबत्ती लावताना तो ढसाढसा रडला. सुट्टी संपताच बँकेत गेला. "लिही. योलिता, मी चुकलो. तुला आईपासून तोडलं. माफ कर. बाबा."

एडितानं लिहिलं. या वेळी ती हसली नाही.

त्याच आठवड्यात तिनं त्याला बोलावून घेतलं. "बसा, काका."

"पोचलं?"

तिनं कागद पुढे सरकवला. एक युरो परत जमा. कारण: खातं बंद.

"रागानं बंद केलं?"

"ते नाही हो लिहीत. बँक बदलली असेल."

"नवा नंबर दे मग."

"आम्हाला नाही मिळत तो. तिनंच द्यायला हवा."

कागदावर त्याचाच निरोप जसाच्या तसा छापून आला होता. त्यानं तो दोनदा वाचला.

"बटाट्यांचं पोचलं गं," तो म्हणाला. "कुत्र्याचं पोचलं. साराचंसुद्धा पोचलं. हेच तेवढं परत आलं."