चहाआधीची बाटली

मी बाटली बोलतेय. भुवया उंचावू नका, मी तसली नव्हे. पांढऱ्या प्लॅस्टिकची, बोटभर उंचीची, पोटात थायरॉइडच्या इवल्याशा गोळ्या. हलवलं की खुळखुळते, एवढंच काय ते माझं गाणं.

कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथून औषधाच्या दुकानात आले आणि एका मुलीच्या लग्नाच्या बॅगेत, नव्या कपड्यांच्या घड्यांमध्ये लपून सासरी पोहोचले. लपून म्हणजे तसं चोरून नव्हे. सगळ्यांना माहीत होतं. पण माझी मालकीण अबोल. तिचं सगळंच लपून असल्यासारखं दिसतं.

माहेरी आमचं बरं चाललं होतं. उठलं की एक गोळी, पेलाभर पाणी, आणि मग तासभर पोटात काही नाही.

सासरी मात्र गोळ्यांचा सामुदायिक कार्यक्रम असे. सकाळी सासूबाई दुधाचा दाट चहा करत आणि एका बशीत सगळ्यांच्या गोळ्या काढत. सासऱ्यांची रक्तदाबाची, स्वतःची गुडघ्यांसाठी कॅल्शियमची, आणि आता सुनेची. वर, "आत्तापासून हाडं जप गं," म्हणून तिलाही एक कॅल्शियमची. मग सगळ्यांनी एकदम चहाच्या घोटाबरोबर गिळायच्या. कोणी विसरायला नको, हा त्यामागचा हिशेब.

मी बशीकडे बघून मनातल्या मनात खुळखुळायची. अगं, दूध आणि कॅल्शियम माझ्या गोळीला पोटातून रक्तात धड शिरू देत नाहीत. सांग की त्यांना. पण तिची जीभ टाळ्याला चिकटलेली. सासूबाई चहा तिच्या हातात आणून देत. त्या सून असताना त्यांना कोणी साधं 'चहा घेतलास का' विचारलं नव्हतं, हे तिला कळलं होतं. असा कप परत कसा करायचा?

हळूहळू तिला भर दुपारी झोप येऊ लागली. केसांनी कंगवा भरू लागला. सगळे पंखा लावत तेव्हा ही शाल ओढून बसे. शेजारीण बोलून गेली, "सून निवांत आहे हो तुमची." हिनं ऐकलं आणि धुतलेला ओटा पुन्हा धुतला.

शेवटी रक्त तपासलं. टीएसएच नावाचा थायरॉइड-तपासणीचा आकडा बराच वाढलेला. तिचा नवरा हिशेबनीस. त्यानं रिपोर्ट आडवा-उभा वाचला आणि निकाल दिला, आकडा वाढलाय म्हणजे गोळी जास्त होतेय, उद्यापासून अर्धी. सुरी घेऊन पोळपाटावर माझ्या एका गोळीचे दोन तुकडे करायला बसला. एक तुकडा उडून फ्रिजखाली गेला, दुसऱ्याचा भुगा झाला. सासूबाई म्हणाल्या, "तू आपला ऑफिसातले आकडे बघ. आधी डॉक्टरांना विचारू."

डॉक्टरीणबाईंसमोर मला टेबलावर ठेवलं गेलं. नवऱ्यानं आपला सिद्धांत मांडला. बाई हसल्या. म्हणाल्या, "हा आकडा गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा नाही, तिला हाका मारणारीचा आहे. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, ती हिला 'काम कर' म्हणून सांगते. काम कमी पडलं की तिचा आवाज चढतो. म्हणजे औषध जास्त नाही, कमी पडतंय."

"मी ह्यांना अंघोळीला हाका मारते तसंच की," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी डोस वाढवायला पेन उचललं, आणि थांबून विचारलं, "गोळी घेता कशी?"

ती माझ्या झाकणाकडे बघत राहिली. आता बोलली नाही, तर उगाच वाढीव गोळी, आणि तीही चहात बुडणार.

"चहाबरोबर," ती म्हणाली. मग आणखी हळू, "आणि कॅल्शियमबरोबर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. डोस आहे तोच ठरला. उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं, कॅल्शियम चार तासांनंतर, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. डोस वाढवायचा की नाही ते तेव्हा बघू, आणि घरी सुरी चालवायची नाही.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेनं आणून देत होतात."

सासूबाई म्हणाल्या, "चहा निवतो गं. माया काय तासाभरात निवतेय थोडीच."

दुसऱ्या दिवसापासून घराचा चहा तासभर पुढे गेला. सासरे कुरकुरले, पण रिकाम्या कपासमोर दोघी बायका गप्पा मारत बसल्या होत्या, त्यांचं कोण ऐकतंय. पुढच्या तपासणीत आकडा जागेवर आला. शाल कपाटात गेली.

मी आता रिकामी आहे. उशाशी माझ्यासारखीच दुसरी आली. माझ्या पोटात सासूबाईंनी शर्टांची सुटी बटणं भरलीत, त्यामुळे गाणं जरा जाड झालंय. जाता जाता एवढंच मागणं आहे. गोळी गिळायला रोज तोंड उघडता ना, तेवढंच एकदा बोलायलाही उघडा.