बिट्टूची पंचवीस कार्डं

कोंडीरामाच्या घरात एक कायदा होता आणि तो सरकारी कायद्यांपेक्षा कडक पाळला जायचा. काम पुरतं हातात पडल्याशिवाय त्याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या फाटकावर कायम कामगारांची यादी लागली होती आणि तीत कोंडीरामाचं नाव होतं. गड्यानं हौसेनं देवळाली प्रवरेतल्या आपल्या अख्ख्या वस्तीला पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ती यादी काढून दुसरी लावली. तीत नाव नव्हतं. का नव्हतं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायला जाण्याची सोय तेव्हाही नव्हती. पुढं दोन वर्षं हॉटेलावरून जाता-येता कुणी ना कुणी हाळी द्यायचंच, "काय कोंडीराम, पेढे गोड हुते बरं का!" माणूस हसण्यावारी न्यायचा, पण घरी येऊन जेवायचा नाही. तेव्हापासून हा कायदा.

वृषाली त्याची धाकटी मुलगी. तिनं बारावीचा निकालसुद्धा गुणपत्रिका हातात आल्यावर घरी सांगितला होता. वस्तीतल्या बायकांना वाटलं, पोरगी नापास झाली म्हणून गप्प आहे. पोरगी तालुक्यात तिसरी आली होती.

सत्त्याण्णव साली ती राहुरीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. क्लास म्हणजे एका दुकानाचा वरचा मजला, सहा मशीन, एक पंखा आणि चपला बाहेर काढायची सक्ती. चाळीसेक पोरंपोरी शिकायला यायची. दुपारी एक ते तीन मशीन रिकामी असत. तेवढे दोन तास वृषालीचे. त्या दोन तासांत ती गेम करायची. गेम खेळणारे क्लासमध्ये सगळेच होते, पण गेम कुणीतरी बसून तयार करत असतं हे तिथं फक्त तिच्या डोक्यात आलं होतं. ते डोक्यात आल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. मोठ्या परदेशी कंपन्यांना तिनं दोन पत्रं लिहून पाहिली होती. उत्तर यायचं नव्हतंच, आलंही नाही.

मग ऑगस्टात पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात एका मासिकात आली. कंपनी हातात धरून खेळायचं यंत्र काढणार होती. नाव बिट्टू. तळहाताएवढं, करड्या पडद्याचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, भारतात बनलेलं. त्यासाठी गेम करणारी माणसं हवी होती. वृषालीनं पत्र टाकलं आणि काय आश्चर्य, पंधरा दिवसांत जाडजूड पाकीट आलं. त्यात यंत्राची सगळी माहिती देणारं पुस्तक होतं, कॉम्प्युटरच्या पडद्यावर बिट्टूचा पडदा दाखवणारी फ्लॉपी होती आणि पिवळ्या जाड कागदाची पंचवीस छापील कार्डं होती. 'मला बिट्टूसाठी गेम करण्यात रस आहे' एवढंच त्यांवर लिहिलेलं. खाली नाव, पत्ता, सही. टपालखर्च कंपनीचा, तिकीटसुद्धा लावायचं नाही. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की कार्डं ओळखीच्या लोकांत, विद्यार्थ्यांत वाटावीत. एकतीस डिसेंबरपर्यंत टपालात पडलेली कार्डं मोजून कंपनी यंत्र बाजारात आणायचं की नाही ते ठरवील.

क्लासमध्ये दुसरी शिक्षिका होती अश्विनी. बेलापूरची, शेतकऱ्याच्या घरची, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळी. तिनं कार्डं पंख्यासारखी हातात धरली.

"वाटू या की. आत्ताच्या बॅचला पंधरा पोरं आहेत. पाच मिनिटांत भरतील."

"त्यांना कुठं गेम करता येतो?"

"रस आहे का एवढंच विचारलंय. रस तर मलापण आहे."

"अशू, नको," वृषालीनं कार्डं तिच्या हातातून काढून घेतली. "नुसता रस आहे म्हणून काय सांगायचं? आधी गेम पुरा होऊ दे. मग माझं कार्ड गेमबरोबर पाठवीन. तुलाही तेव्हा भरायला देते."

तिच्या लेखी सही म्हणजे वचन होतं. सही करून पुढं काही झालं नाही तर पंचवीस तोंडं झाली असती, 'मॅडम, बिट्टूचं काय झालं' म्हणून विचारायला. आणि खरं सांगायचं तर एवढी पुस्तकं छापणारी कंपनी कार्डं मोजून कारखाना काढायचा की नाही ते ठरवील, हे तिला पटलंच नाही. पुरा झालेला एक गेम शंभर कोऱ्या सह्यांना भारी पडेल, असा तिचा हिशेब. पोरगी हुशार होती, पण तिची हुशारी त्या पेढ्यांच्या पुड्यात वाढली होती. कार्डं तिनं एका वहीत ठेवली आणि वही पर्समध्ये.

गेम कशाचा करायचा ते तिला शोधावं लागलं नाही. कोंडीराम जन्मभर दुसऱ्यांच्या उसाला दारं धरत आला होता. कालव्याचं पाणी पाळीनं सुटतं. ते पाटातून शेतात येतं. माणसानं फावड्यानं एका वाफ्याचं तोंड फोडायचं, वाफा भरला की मातीनं बुजवायचं आणि पुढचं फोडायचं. पाळी संपायच्या आत शेवटचा वाफा भिजला पाहिजे. वृषालीच्या गेममध्येही तेच होतं. चौकटी चौकटींचं शेत, चार ठिपक्यांचं फावडं घेतलेला एवढासा माणूस आणि वरून येणारं पाणी. पहिली शेतं सोपी, पुढची चढ-उताराची, मधेच उंदरांनी पोखरलेला बांध. अक्षरं मराठी होती. बिट्टूला मराठी येत नव्हतं, म्हणून तिनं एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यानं काढलं. 'ळ' काढायलाच तिला दोन दुपारी लागल्या.

घरी ती वडलांना गुपचूप विचारत राहायची. जमीन तडकलेली असली की पाणी किती पितं? दोन वाफे एकदम फोडले तर?

"तुला कशाला पायजे?" कोंडीराम म्हणायचा. "मी धरली दारं, तू नको धरू." पण सांगायचा मात्र रंगून. भामाबाई, वृषालीची आई, भाकरी थापता थापता म्हणायची, "पोरगी शेत घेतीया वाटतं." आणि तिघंही हसायची. त्या चार महिन्यांत त्या घरात जेवढं हसणं झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं.

लाइट जायची, फ्लॉपी खराब व्हायची, तीन वाजता बॅच यायची. तरी डिसेंबरच्या सव्वीस तारखेला गेम पुरा झाला. आता सांगायला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं वडलांना एसटीनं राहुरीला आणलं. कोंडीरामानं धुतलेला सदरा घातला होता. क्लासच्या दारात त्यानं चपला काढल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला.

पडद्यावर नाव आलं, 'दारं'. खाली बारीक अक्षरांत, 'पाणी: कोंडीराम'.

"हे मी?" त्यानं विचारलं.

"तुमीच. सगळं तुमीच तर सांगितलं."

त्यानं आपलं नाव बोटानं पडद्यावर चाचपलं. मग वृषालीनं कुठली बटणं दाबायची ते दाखवलं आणि तो माणूस खेळायला लागला. पहिली दोन शेतं अडखळत गेली. तिसऱ्यापासून त्याची मान पुढं आली. सातव्या शेतावर त्यानं तोंड बुजवलं आणि थांबला.

"वृषे, हे खोटं हाय."

"काय?"

"तोंड बुजवलं की पानी जागच्या जागी थांबतंय व्हय? पाटात मागं चाललेलं पानी कुटं गेलं? ते दम धरत न्हाई. ते बांधावर चढतंय, फोडतंय. म्हनून तर वाफा बारा आने भरला की पानी मोडायचं, म्हंजी आधी पुढचं तोंड फोडायचं आन् मग हे बुजवायचं. वाफ्यात शिरलेलं पानी उरलेलं काम करतंय." तो ओशाळला. "बाकी लई झ्याक हाय. आसू दे तसंच."

तसंच ठेवून चाललं असतं. पुण्यात कुणाला कळणार होतं? पण वृषालीला ते खोटं आता दिसायला लागलं होतं. जे वडलांच्या नावानं पडद्यावर आहे त्यात खोट असून भागणार नव्हतं. तिनं सगळं पाणी पुन्हा लिहायला घेतलं.

तीस तारखेला अश्विनीनं आठवण केली. "उद्या शेवटची तारीख. कार्डं तरी टाक ना. मी आत्ता जाऊन टाकते, पोस्ट समोर आहे."

"गेम पुरा नाही अजून."

"झाला होता की चार दिवसांपूर्वी!"

"झाला नव्हता," वृषाली म्हणाली आणि मशीनकडं वळली. अश्विनीनं कपाळाला हात लावला आणि पोरांना हजेरीला बसवलं.

नवं पाणी अठरा दिवसांनी जमलं. ते खरोखर दम धरत नव्हतं. एक क्षण चुकला तर बांध फुटायचा, बेतानं मोडलं तर वाफा आपोआप भरायचा. खेळताना छातीत धडधडायचं. चौदा जानेवारीला तिनं फ्लॉपी पुठ्ठ्यात घालून, वर आपलं एक पिवळं कार्ड सुंदर अक्षरात भरून, रजिस्टर पोस्टानं पाठवली. परतताना तिनं वाटेवर कधी नव्हे तो उसाचा रस घेतला.

फेब्रुवारीत क्लासवर पाकीट परत आलं. आत फ्लॉपी होती, कंपनीचं छापील पत्र होतं आणि एक हातानं लिहिलेली मराठी चिठ्ठी. छापील पत्रात म्हटलं होतं, गेम करणाऱ्यांची किमान दोनशे कार्डं यावीत अशी अपेक्षा होती. मुदतीत एकशे त्र्याऐंशी आली. सबब पाच जानेवारीच्या बैठकीत बिट्टूचं काम कायमचं थांबवण्यात आलं आहे.

चिठ्ठी गेम विभागातल्या एका साहेबांची होती. 'तुमचा गेम आम्ही सहा जणांनी दोन दिवस खेळला. आमच्याकडे आलेला हा एकमेव पूर्ण गेम. मी तो घेऊन वर गेलो होतो, पण यंत्राचे साचे विकले गेले आहेत, आता काही होणे नाही. आमच्या त्या नमुन्याच्या फ्लॉपीखेरीज तो दुसऱ्या कशावर चालणार नाही याचं मला फार वाईट वाटतं. एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या क्लासला आम्ही पंचवीस कार्डं दिली होती. मुदतीत त्यातलं एकही का आलं नाही?'

वृषालीनं चिठ्ठी तीनदा वाचली. एकशे त्र्याऐंशी आणि पंचवीस. ही बेरीज करायला कॉम्प्युटर लागत नाही. कुणी यादी बदलली नव्हती, कुणी नाव कापलं नव्हतं. या वेळी यादी तिच्याच पर्समध्ये होती आणि तिनंच ती कुणाला दाखवली नव्हती.

अश्विनीनं तिच्या हातातून कागद घेतले, वाचले. तिचे डोळे भरून आले आणि आवाज चढला. "माझं तरी टाकू द्यायचं होतंस! चाळीस पोरं होती इथं, वृषाली. चाळीस. सगळ्यांनी सही केली असती. कशाची लाज वाटत होती तुला?"

वृषालीला उत्तर ठाऊक होतं, पण ते राहुरीत बसून सांगण्यासारखं नव्हतं. ती चारची एसटी धरून घरी आली.

कोंडीराम ओट्यावर बसून विटकरीच्या तुकड्यानं फावडं घासत होता. शेजारी पाण्याचं डबडं होतं. तिचा चेहरा पाहून त्यानं घासणं थांबवलं. भामाबाई दारात येऊन उभी राहिली.

"आलं का उत्तर?"

"आलं. ते यंत्र निघणारच नाही, दादा. कंपनीनं बंद केलं."

"आन् आपला खेळ?"

"क्लासमधल्या त्या फ्लॉपीवर चालतो तेवढाच. यंत्राशिवाय बाहेर कुणाला खेळता येणार नाही."

कोंडीरामानं फावड्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग त्यानं हळूच विचारलं, "पानी चुकलं व्हतं का माजं?"

"नाही, दादा. पाणी बरोबर होतं. त्यांनी मुद्दाम लिहिलंय, लई आवडलं म्हणून."

"मंग आपल्या हातनं काय चुकलं?"

वृषालीनं वडलांकडं पाहिलं. सगळं सांगावं असं तिला वाटलं. त्या पेढ्यांच्या भीतीनं आज पुन्हा घर बुडवलं, असं ओरडून सांगावं. पण वीस वर्षं हा माणूस गप्प राहण्याचा तो एकच शहाणपणा जपत आला होता आणि पोरीला देण्यासारखं त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "त्यांचंच काहीतरी बिनसलं."

कोंडीरामानं सुस्कारा सोडला. खांदे सैल पडले. तो उठला आणि ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"मंग एक लई बरं झालं, पोरी. तू कुनाला सांगितलं न्हाईस. मला हसले तसे तुला हसले आसते. तेवढं तरी वाचलं बघ."

"व्हय, दादा," वृषाली म्हणाली. खांद्यावरच्या पर्समध्ये वही होती आणि वहीत चोवीस कोरी कार्डं. त्यांना तिकीट लावायचं नव्हतं, नुसती पेटीत टाकायची होती.