थेंबांचे उंदीर

वैद्यकीय विद्यापीठाच्या सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. पायऱ्यांवर माणसं, खिडक्यांत माणसं, आणि ज्याच्या त्याच्या हातात घरातल्या कुणाच्या तरी आजारपणाची फाईल. व्यासपीठावर काचेच्या दोन पेट्या होत्या. डावीकडचे दहा उंदीर अंग चोरून कोपऱ्यात पडले होते, उजवीकडचे दहा नुसते बागडत होते.

"रोग तोच, गाठ तीच!" संशोधक महाशय गरजले. लोक त्यांना थेंबवाले सर म्हणत आणि ते त्यांना फार आवडे. "यांना साधं पाणी, त्यांना माझे थेंब. पेशी जागी होते, पेशी ऐकते, पेशी स्वतःला दुरुस्त करते! कसं, ते विचारू नका. सूर्य कसा तापतो हे विचारून कुणी ऊन खातं का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गल्लीतल्या बुवाला निदान एखादा तरी हटकतो. इथे अंगावर पांढरा कोट होता, त्यामुळे काय वाट्टेल ते खपत होतं.

दाराशी उभी असलेली उंदीरबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं, पेट्यांची सफाई, धरपकड, सगळं बारा वर्षं तीच बघायची. आणि तिसऱ्या रांगेत तिची ताई बसली होती. ताईच्या छातीत गाठ होती. केमोने ती आटत होती, पण उलट्यांनी जीव नकोसा झालेल्या ताईने तीन आठवड्यांपूर्वी केमो सोडून थेंब सुरू केले होते. तिला भरीला घातलं होतं उंदीरबाईनेच. "अगं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. थेंबांचे उंदीर जगतात!"

जगत होते, त्यात खोटं काही नव्हतं. का जगत होते, ते तिला या सोमवारी कळलं. सरांचा नियम ठरलेला होता: आजारी उंदीर आणायचे वीस, हाताला लागतील ते पहिले दहा पाण्याच्या पेटीत टाकायचे, उरतील ते थेंबांच्या. त्या दिवशी एक कानतुटका पाच वेळा तिच्या हातातून सटकला आणि शेवटी थेंबांच्या पेटीत गेला. झाकण लावता लावता तिचा हात थबकला. आधी हाताला लागतो कोण? ज्याची गाठ मोठी, ज्याच्या अंगात पळायचं त्राण नाही, तो. आणि निसटतो तो मुळातच कमी आजारी!

ती तडक सरांकडे गेली. "सर, चिठ्ठ्या टाकून वाटू या ना उंदीर."

"एकदा टाकल्या होत्या," सर चष्मा पुसत म्हणाले. "दोन्हीकडचे सारखेच मेले. त्या प्रयोगाची वही मी कपाटात घातली. तू पकडायचं काम कर, विचार करायला मी आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने ताईला सगळं सांगितलं, तर ताई उलट तिच्यावरच उखडली. "एवढा मोठा शास्त्रज्ञ खोटा आणि पिंजरे धुणारी तू खरी? आधी आशा लावलीस, आता घाबरवतेस?"

"आता नवा प्रयोग, तुमच्या डोळ्यांदेखत!" व्यासपीठावरून सरांनी हाक मारली. "आण गं वीस उंदीर!"

उंदीरबाईने वीस उंदरांची पेटी आणि दोन नव्या रिकाम्या पेट्या आणल्या आणि नेहमीसारखी वाटणी केली. पहिले दहा डावीकडच्या रिकाम्या पेटीत, उरलेले दहा उजवीकडे. सरांनी बाटली उघडायला घेतली, तेवढ्यात ती त्यांच्या आणि पेट्यांच्या मध्ये उभी राहिली.

"ताई, इकडे ये. यातले थेंबांचे उंदीर कुठले, ओळख बघू."

ताई कुरकुरत पुढे आली. तिने दोन्हीकडे पाहिलं आणि उजवीकडे बोट दाखवलं. "हे काय, हे उड्या मारणारे."

"अगं, थेंब अजून बाटलीत आहेत!"

उंदीरबाईने माईक ओढून घेतला आणि सगळं सांगितलं. वाटणी कशी होते ते आणि कपाटातल्या वहीचंही.

"माईक बंद करा! झाडूवालीला काय कळतं विज्ञानातलं?" सर ओरडले.

"मग वही आणा," मागून कुणीतरी म्हणालं. "आणा वही!" म्हणत सगळं सभागृह उभं राहिलं. सर मात्र वही आणायला गेले नाहीत, मागच्या दाराने निघून गेले.

दुपारी दोघी बहिणी कर्करोगाच्या वॉर्डात डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या होत्या. गाठ तीन आठवड्यांत पुन्हा वाढली होती. "उशीर केलात, पण वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. उंदीरबाईला रडू आवरेना. ताईने तिचा हात घट्ट धरला, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही.

नर्सने केमोची सुई हातात घेतली तशी ताई म्हणाली, "थांबा. डॉक्टर, हे औषध आधी माणसांवर तपासलं असेल ना? मग कुणाला हे द्यायचं आणि कुणाला जुनं, ते कसं ठरवलं होतं?"

डॉक्टरीणबाई चकित झाल्या. बारा वर्षांत एकाही पेशंटने त्यांना हे विचारलं नव्हतं. खरं तर प्रत्येकाने विचारायला हवं, समोर बुवा असो की प्राध्यापक.

"चिठ्ठ्या टाकल्यासारखंच," त्या म्हणाल्या. "कुणाच्या वाट्याला काय येईल, ते डॉक्टरच्या हातात ठेवलं नव्हतं."

ताईने बाही वर केली.