मेंढ्याचा कान

आमच्यात कुणापुढे कुठलं हाड ठेवलंय, त्यावरून माणूस ओळखतात. मेंढ्याची मुंडी बेगला, म्हणजे टोळीच्या नायकाला. मागची मांडी पाहुण्याला. कान घरच्या मुलाला. बाकीच्यांनी मिळेल ते चघळावं आणि गप्प बसावं. वाटप माझ्याकडे. चाळीस वर्षांत माझा हात चुकला नाही. त्या दिवशीही चुकला नाही, मी ते जाणूनबुजून केलं.

कोचकार आमचा बेग. तान्हा असताना त्याची आई गेली, तेव्हा माझ्या आईनं त्याला माझ्याबरोबर अंगावर पाजलं. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी मंगोल शेजारच्या टोळीवर चालून आले आणि तिथे राख नि मोकाट कुत्री उरली. कोचकार कुणाला न विचारता मंगोलांच्या छावणीत गेला. कमरपट्टा सोडून गळ्यात अडकवला, मान तुकवली आणि एकुलता मुलगा आयतुग त्यांच्याकडे ओलीस ठेवून आला. पुढे त्यांच्या लढाईला आमचे तीस स्वार घेऊन गेला. परतला तेव्हा बरोबर अकरा होते. न आलेल्यांत माझा धाकटा मुलगा होता.

तो परतला म्हणून मेजवानी ठरली. त्या सकाळी म्हातारा तोकताश माझ्या चुलीपाशी येऊन बसला.

"यापार, मुंडी कुणाला?"

"बेगला. आणखी कुणाला?"

"कुणाचा बेग? तो आता त्यांचा झाला. इथे पाहुणा म्हणून आलाय, तर पाहुण्याचा मान कर. तंटा नको, बखेडा नको."

साप मारायचा तर दुसऱ्याच्या हातानं, ही म्हाताऱ्याची जुनी खोड. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण धाकट्याचं रिकामं खोगीर राहुटीत दाराशीच पडलं होतं. मी सुरीला धार लावली.

सगळे बसले. मी मुंडी तोकताशापुढे ठेवली आणि मांडी कोचकारपुढे. त्यानं हाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मोठा मान केलात," तो म्हणाला. अगदी पाहुण्यासारखं.

त्याच्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नव्हतं. लढाई कशी झाली, पोरगा कसा आहे, एकानंही विचारलं नाही. तो मात्र सावकाश, हाड स्वच्छ होईपर्यंत खात राहिला. मला वाटलं होतं, तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"यापार, लेका, मांडी छान शिजलीय," तो म्हणाला. "पाहुण्यानं मागू नये, तरी एक मागतो."

"माग."

"कान काप. आयतुगला नेतो. तो तरी इथलाच आहे ना?"

तोकताशानं मान खाली घातली. मी कान कापला, फडक्यात बांधला. गाठ दोनदा सुटली.

फडकं घेताना कोचकार हळूच म्हणाला, "तुझ्या पोराला मी माझ्या हातांनी पुरलं. टेकडीवर, आपल्या कुरणाकडे तोंड करून." हे मी त्याला विचारलंच नव्हतं. माझी मला लाज वाटली.

पाहुणा आमच्याकडे तीन दिवस राहतो. चौथ्या सकाळी कोचकारनं स्वतःच घोड्यावर खोगीर चढवलं. पाहुण्याची रिकीब यजमानानं धरायची असते, म्हणून मी गेलो. भाऊ म्हणून गेलो, असं सांगायची हिंमत नाही.

"परत ये, एवढं तरी म्हण की," तो म्हणाला.

मागे राहुटीच्या दारात तोकताश उभा होता. मी रिकीब सोडली. कोचकार थोडा थांबला, मग गेला. गवतात बराच वेळ तो एकटाच दिसत होता.

त्या हिवाळ्यात मंगोल स्वार आमच्या ओढ्यापर्यंत आले आणि माघारी वळले. का वळले ते सगळ्यांना ठाऊक होतं. मिटल्या तोंडानं सगळे जेवत राहिले.

पुढच्या शरदात मी मुंडी रिकाम्या सतरंजीपुढे ठेवली.

"कुणाची रे ही?" तोकताशानं विचारलं.

"बेगची," मी म्हणालो.

कुणी हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत चरबी गोठून पांढरी झाली.